क्रॉसओव्हर लावला, तरी माईक घुमतोच!

प्रश्न : सातारा जिल्ह्यात आमची छोटी साऊंड सर्व्हिस आहे. सप्ताह, लग्न, सभा अशी कामं करतो. पंधरा इंची दोन टॉप, अठरा इंची दोन बेस, दोन अ‍ॅम्प्लिफायर, सोळा चॅनेलचा मिक्सर, व्यासपीठावरच्या मंडळींना ऐकू यावं म्हणून मॉनिटर, एवढं सामान. आजवर टॉप आणि बेस एकाच लाईनवर चालवले. कीर्तनाला आठ माईक असतात, त्यातले चार टाळकऱ्यांना, आणि सगळे शेवटपर्यंत उघडेच. माईक फार घुमतो, महाराज निरूपण थांबवून आमच्याकडे बघतात. दुकानदार म्हणाला, क्रॉसओव्हर घ्या, फीडबॅक बंद होईल. घेतला, त्यानेच २५० हर्ट्झला लावून दिला. थोडा फरक पडला, पण 'घूं' येतंच, आणि आवाज वाढवला की शिट्टीही मारतो. पीस खराब असेल का? कितीवर लावायचा? की परत करून फीडबॅक डिस्ट्रॉयर घेऊ? क्रॉसओव्हरच्या मॉडेलचं वर्णन आणि मांडणीचा फोटो सोबत पाठवलाय.

उत्तर :

दादा, पीस खराब नाही. दुकानदारानेही अगदीच खोटं सांगितलेलं नाही, अर्धवट सांगितलंय. क्रॉसओव्हर फीडबॅक मारत नाही. तो फक्त सूर वाटून देतो, खालचे बेसला आणि वरचे टॉपला. पाटाला दोन चाऱ्या काढल्या म्हणून पाणी कमी होत नाही, तसंच हे. माईकमधून आलेला महाराजांचा आवाज आधी एका वाटेने दोन्ही बॉक्सांत जायचा, आता दोन वाटांनी जातो. जातो मात्र तेवढाच. फायदा हवा असेल तर आता वाटा वेगळ्या झाल्यात, त्यातल्या कोणत्या वाटेवर कोणता माईक सोडायचा ते तुम्ही ठरवायला हवं. ते अजून झालेलं नाही.

फीडबॅक कसा होतो ते तुम्हाला माहीत आहेच, तरी एकदा नीट मांडतो. बॉक्समधला आवाज फिरून माईकमध्ये शिरतो, मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून परत बॉक्समध्ये येतो. ही फेरी मारून एखादा सूर जितका निघाला होता तितकाच किंवा त्याहून मोठा होऊन परतला, आणि आपल्याच लयीत येऊन मिळाला, की तो आपोआप वाढत जातो. सगळे सूर एकदम घुमत नाहीत, जो सर्वांत आधी हद्द ओलांडतो तोच घुमतो. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावाने याला लार्सन परिणाम म्हणतात. म्हणून तुमच्या पत्रातले 'घूं' आणि 'शिट्टी' हे दोन वेगळे आजार समजा. क्रॉसओव्हरचं औषध फक्त पहिल्याला लागू पडतं.

आधी निदान करा. मंडप मोकळा असताना, कीर्तनाला लागणारे सगळे माईक जागेवर मांडून, महाराजांच्या माईकचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, हळूहळू वर न्या. घुमायच्या जरा आधी शब्दाच्या शेवटी एक बारीक झणझण मागे राहते, तिथे थांबा. आता बेसच्या अ‍ॅम्प्लिफायरचे दोन्ही नॉब शून्यावर आणा. झणझण गेली आणि फेडर आणखी बराच वर नेता आला, तर रोग बेसच्या वाटेत आहे. काहीच फरक पडला नाही, तर टॉप किंवा मॉनिटर. मग मॉनिटर बंद करून पुन्हा पाहा. दहा मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक ऑपरेटर हे न करता थेट इक्वलायझरच्या पट्ट्या खाली ओढायला लागतात आणि शेवटी महाराजांचा आवाज घशातून आल्यासारखा करून ठेवतात.

तुमच्या बाबतीत 'घूं' बेसमधूनच येत असणार असं मी पत्रावरूनही म्हणेन. कारण २५० हर्ट्झ.

१०० हर्ट्झच्या सुराची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते. अठरा इंची बॉक्स त्यापुढे एवढासा. इतक्या लांब लहरीला तो एका दिशेला ढकलू शकत नाही, त्यामुळे बेस पुढे जेवढा जातो जवळजवळ तेवढाच मागे, म्हणजे थेट व्यासपीठावर येतो. टॉपचा हॉर्न वरचे सूर बऱ्यापैकी समोर फेकतो, म्हणून टॉप दोन पावलं पुढे सरकवला तर माईकला आराम पडतो. बेस पुढे सरकवून तेवढा फायदा होत नाही. त्यात आपला हातातला माईक पाठीमागचा आवाज नाकारतो हे खरं असलं, तरी खालच्या सुरांना नाकारण्याची त्याची ताकद बऱ्याचदा ढिली पडते. आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. क्रॉसओव्हर २५० ला लावला म्हणजे महाराजांच्या आवाजाचा सगळा पाया तुम्ही चारी दिशांना पसरणाऱ्या बॉक्समध्ये टाकलात. घुमणार नाही तर काय होईल?

तेव्हा पहिलं काम : १०० हर्ट्झ. पंधरा इंची टॉप १०० पर्यंत आरामात उतरतो. टॉप फारच हलका वाटला तर १२०, त्यावर नको. नॉब फिरवताना त्याच्याजवळचं फ्रिक्वेन्सी दहापट करणारं छोटं बटण बघा. बऱ्याच अ‍ॅनालॉग क्रॉसओव्हरवर ते असतं. ते चुकून दाबलेलं असेल तर तुमचे १०० म्हणजे १००० होतात, टॉपमधून नुसती चिरचिर आणि बेसमधून माणसं बोलताना ऐकू येतात. पॅनलवर दिवा असतो, पण भर उन्हात मंडपात तो दिसत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण ती आपल्याकडे सर्रास होते. क्रॉसओव्हर १०० ला लावला म्हणून टॉप आणि बेस खरोखर १०० वरच भेटतात असं नाही. आजचे बहुतेक क्रॉसओव्हर लिंकविट्झ-रायली पद्धतीचे असतात. ह्युलेट-पॅकार्डमधल्या सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या इंजिनिअरांची ही रचना १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. यात ठरवलेल्या जागी बेस आणि टॉप दोन्ही ६-६ डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) खाली असतात आणि मिळून बरोबर सपाट होतात. तिथून पुढे दर सप्तकाला २४ डेसिबलने उतरत जातात. पण हे केव्हा? दोन्हींची पातळी सारखी असेल तेव्हा. तुम्ही बेस १२ डेसिबलने वाढवला, की दोघांची भेटायची जागा १०० वरून १४१ वर सरकते. नॉब १०० दाखवत राहतो. आणि बेस १२ डेसिबलने वाढवणं म्हणजे आपल्याकडे काहीच नाही, वरातीचं सेटिंग दुसऱ्या दिवशी सप्ताहात तसंच आलं की झालं. म्हणजे बेस जितका फुगवाल तितका तो महाराजांच्या गळ्यात वर चढत जातो. लग्नाचं आणि कीर्तनाचं सेटिंग वेगळं ठेवा. क्रॉसओव्हरच्या तोंडावर पांढरी चिकटपट्टी लावून दोन्हींच्या खुणा करून ठेवल्यात तरी पुरे.

आता खरा उपाय. महाराजांचा माईक बेसमध्ये जाऊच द्यायचा नाही.

तुमचा क्रॉसओव्हर स्टिरिओ टू-वे आहे असं पत्रात मॉडेलच्या वर्णनावरून दिसतं, म्हणजे त्याला दोन चॅनेल आहेत आणि प्रत्येकाला हाय व लो अशी दोन आउटपुट. कीर्तनाला स्टिरिओची गरज नाही. मग हे दोन चॅनेल डावा-उजवा असे न वापरता टॉप आणि बेस असे वापरायचे. मिक्सरच्या मेन आउटची डावी लाईन क्रॉसओव्हरच्या पहिल्या चॅनेलला द्या आणि त्याच्या हाय आउटमधून टॉपचा अ‍ॅम्प्लिफायर चालवा, दोन्ही टॉप एकाच सिग्नलवर. पहिल्या चॅनेलचं लो आउट रिकामं ठेवा. मिक्सरच्या एका मोकळ्या ऑक्सची, म्हणजे मेनपासून वेगळ्या आउटपुटची, लाईन दुसऱ्या चॅनेलला द्या, त्याच्या लो आउटमधून बेसचा अ‍ॅम्प्लिफायर. दुसऱ्याचं हाय आउट रिकामं. दोन्ही चॅनेल १०० वर. मिक्सरवर सगळे पॅन, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे वळवायचे नॉब, मध्यावर ठेवा, नाहीतर उजवीकडे टाकलेला माईक टॉपमधून गायबच होईल.

एवढं केल्यावर बेसमध्ये फक्त तेच जाईल, ज्याचा त्या ऑक्सचा नॉब तुम्ही उघडाल. पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या पुडीचा माईक उघडा, तिच्या घुमाऱ्यासाठीच तर बेस आणलाय. कीर्तनाआधी भक्तिगीतं वाजवता तो मोबाईलचा चॅनेल उघडा. हार्मोनियमला खर्जाचे सूर असतील तर अगदी थोडा. महाराज, गायक, टाळकरी, विणेकरी यांचे नॉब पूर्ण बंद.

इथे दोन जागी माणूस हमखास अडकतो. एक, ऑक्स पोस्ट-फेडर, म्हणजे फेडरच्या नंतरचा सिग्नल घेणारा हवा. प्री असेल तर पखवाजाचा फेडर खाली आणला तरी बेसमध्ये तो धडधडतच राहील. दोन, क्रॉसओव्हरच्या मागच्या बाजूला बेस एकत्र करणारा स्विच असतो, बऱ्याच मॉडेलवर त्याला लो सम म्हणतात. तो चालू असेल तर दोन्ही चॅनेलचे खालचे सूर आतल्या आत एकत्र मिसळतात, आणि तुम्ही एवढी वायरिंग करूनही महाराज मागच्या दाराने बेसमध्ये हजर. तो बंद करा. मागेच मोड निवडायचा स्विचही असतो, तो स्टिरिओ टू-वेवर आहे ना पाहा. क्रॉसओव्हरचे इनपुट आणि आउटपुटचे गेन नॉब ० डेसिबलच्या खुणेवर ठेवा, पूर्ण बंद नव्हे. बेस कमी-जास्त करायचा तर ऑक्सच्या मास्टरने.

शेवटी उलटसुलट तपासा. काही मिक्सरमध्ये ऑक्सचा सिग्नल मेनच्या उलट्या दिशेने निघतो, शिवाय घरी सोल्डर केलेल्या वायरींचा भरवसा नसतो. भरपूर ढोलकीचं एखादं गाणं लावा, दोन्ही बॉक्सांपासून पंधरा-वीस फुटांवर उभे राहा आणि कुणाला तरी क्रॉसओव्हरच्या दुसऱ्या चॅनेलचं फेज बटण, म्हणजे सिग्नल उलटा करणारं बटण, दाबायला-सोडायला सांगा. ज्या बाजूला ढोलकी भरीव लागेल ती बाजू बरोबर. उलट्या बाजूला १०० च्या आसपास भोक पडतं, मग माणूस बेस आणखी वाढवत बसतो आणि गाडी पुन्हा मूळ पदावर येते.

महाराजांचा आवाज यामुळे पातळ वाटेल का? कुणाला तरी वाटेल. आपल्याकडे कीर्तनकाराच्या आवाजाला दणका हवा असतो, आणि हा दणका म्हणजेच चांगली साऊंड असा एक समज बसलाय. मला तो पटत नाही. निरूपणात शब्द कळायला हवेत, आणि शब्दाची धार १ ते ४ हजार हर्ट्झमध्ये असते, १०० च्या खाली नाही. तुमचा टॉप १०० पर्यंत उतरतोय म्हणजे आवाजाला लागणारं अंग त्यात आहेच. पहिल्या दिवशी मंडळाचे लोक तक्रार करतील, तेव्हा शेवटच्या रांगेतल्या आजींना विचारा ऐकू येतंय का.

टॉपबद्दल एक. तुमच्या टॉपमध्ये पंधरा इंची स्पीकर आणि हॉर्न यांच्यामध्ये कंपनीचा पॅसिव्ह क्रॉसओव्हर आधीच बसवलेला असतो, तो दीड-दोन हजार हर्ट्झच्या आसपास काम करतो. त्याच्याशी खेळू नका. मागे फुल-रेंज आणि बाय-अ‍ॅम्प असा स्विच असेल तर तो फुल-रेंजवरच हवा. मात्र हॉर्नच्या ड्रायव्हरचा डायफ्रॅम जळल्यावर बाजारातला मिळेल तो बसवला असेल, तर त्या एका टॉपची शिट्टी दुसऱ्यापेक्षा लवकर येते. दोन्ही टॉप एकेक करून चालवा, एक जास्त टोचत असेल तर रोग तिथेच आहे, आणि त्यावर कोणताही बाहेरचा डबा उपाय नाही.

आता शिट्टी. हिच्याशी तुमच्या १०० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरचा काही संबंध नाही, इथे माईकची शिस्त लागते.

तुम्ही लिहिलंय, कीर्तनाला आठ माईक असतात आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे उघडे. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की घुमण्याआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने कमी होतो. दोन माईकला ३, चारला ६, आठला ९. म्हणजे निरूपण चालू असताना सात माईक खाली ओढले तर महाराजांना तुम्ही ९ डेसिबल फुकट देता, एक रुपयाही खर्च न करता. कीर्तन यासाठी फार सोयीचं आहे, कारण त्याची घडण ठरलेली असते. अभंगाचं चरण घेतलं की टाळ-पखवाज, मग टाळ थांबतात आणि महाराज बोलायला लागतात, पुन्हा चरण किंवा विठ्ठलाचा गजर. टाळ थांबले की टाळकऱ्यांचे आणि गायकांचे फेडर खाली, महाराज चरणावर आले की वर. मिक्सरला चार ग्रुप असतील तर त्या सगळ्यांना एका ग्रुपवर घ्या, एका बोटाचं काम होतं. पण त्यासाठी ऑपरेटर मिक्सरवर बसलेला हवा, जनरेटरजवळ गप्पा मारत नव्हे. टाळकऱ्यांना चार माईक कशाला हेही मला कळत नाही. दहा जोड टाळ मंडपभर तसेच ऐकू येतात, महाराजांच्या माईकमध्येही ते शिरतातच. दोन माईक फक्त गायकांसमोर ठेवा.

महाराजांना कॉलर माईक असतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तो छातीवर, तोंडापासून वीसेक सेंटीमीटरवर असतो, आणि असे बरेच माईक चारी बाजूंचा आवाज सारखाच घेतात. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात. वीसवरून पाचवर आलात की १२. म्हणून गालाजवळ येणारा हेडसेट माईक चांगला. महाराज हाताचाच माईक वापरत असतील तर त्यांना एक विनंती नम्रपणे करा : जाळीवर मूठ आवळू नका. जाळी झाकली की माईकची दिशा ओळखण्याची शक्ती जाते आणि तो चहूकडचं ऐकायला लागतो. बोलताना घुमायला लागलं की माणूस घाबरून जाळी आणखी घट्ट धरतो, आणि आणखी घुमतं.

एको कमी करा. महाराजांच्या आवाजावर एको भरपूर हवा, असा आग्रह धरणारे आहेत, पण एकोचा आवाजही बॉक्समधून निघून माईकमध्ये शिरतोच. अभंगाला थोडा, निरूपणाला शून्य.

मॉनिटरला तर क्रॉसओव्हर अजिबात लागू होत नाही, कारण तो मेन आउटच्या वाटेत बसलाय आणि मॉनिटर वेगळ्या ऑक्सवर चालतो. तिथे तुमचा आधार म्हणजे प्रत्येक चॅनेलवरचं लो-कट बटण, ८० किंवा १०० हर्ट्झचं. पखवाजाच्या डाव्या माईकची आणि गाणी वाजवायची चॅनेलं सोडून सगळ्यांवर ते दाबून ठेवा. मॉनिटर माईकच्या पाठीमागच्या बाजूला ठेवा. साध्या कार्डिऑइड, म्हणजे समोरचा आवाज जास्त घेणाऱ्या माईकची बहिरी जागा बरोबर पाठीमागे असते. सुपरकार्डिऑइड असेल तर ती जरा बाजूला, १२५ अंशांच्या आसपास असते, म्हणून तिथे मॉनिटर सरळ समोर न ठेवता तिरका ठेवतात. फोटोत बेस व्यासपीठाच्या फळ्यांवरच ठेवलेले दिसतात. ते जमिनीवर उतरवा. फळी थरथरते, स्टँडमधून ती थरथर माईकमध्ये चढते आणि घूं घूं सुरू होतं, मग हवेतून काही आलं नाही तरी.

राहिला डिस्ट्रॉयर. तो घुमणारा सूर शोधून तिथे अरुंद कट मारतो. चांगला असतो, पण त्याने मिळणारा आवाज मोजका आहे, आणि आठ माईक उघडे ठेवून, एको फुल करून बसलात तर त्याचे सगळे फिल्टर पहिल्या अभंगातच संपतील. शिवाय हार्मोनियमचा लांब धरलेला सूर किंवा गायकाचा लांब आलाप त्याला फीडबॅकसारखाच वाटू शकतो, आणि तो तोच कापत बसतो. तेव्हा क्रॉसओव्हर परत करू नका. त्या पैशांत ३१ पट्ट्यांचा एक बरा ग्राफिक इक्वलायझर मिळाला तर घ्या आणि तो मॉनिटरच्या वाटेत लावा, मेनच्या नाही. तोवर आधी वायरिंग बदला, आणि सप्ताहाच्या पहिल्या दिवशी नाही, घरच्या अंगणात बॉक्स मांडून बदला. चालू करताना मिक्सर, मग क्रॉसओव्हर, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना उलट. क्रॉसओव्हर चालू होताना ठप्प करतो, आणि तो ठोका अ‍ॅम्प्लिफायरमधून गेला तर अठरा इंचीचा कोन फाटायला एक वेळ पुरते.